कलम अकरा पाहा

माणसाला नाव असते, गोत्र असते, स्वभाव असतो. आकड्याला यांपैकी काहीच नसते. आकडा म्हणजे निव्वळ जागा. रेशनच्या दुकानापुढे ज्यांनी उभे राहून पाय मोडून घेतले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपला नंबर सातवा असतो. तेवढ्यात पुढच्या एका गृहस्थांना रेशनकार्ड घरी राहिल्याचे आठवते, ते कपाळावर हात मारून रांगेतून बाहेर पडतात, आणि आपण सहावे होतो. आपल्यात काडीचा फरक पडलेला नसतो. पिशवी तीच, पायातली चप्पल तीच, पोटातली भूकही तीच. बदललेला असतो तो फक्त आकडा. आता समजा, मघाशीच आपण घरी निरोप धाडला असेल की, "सातव्या नंबरवर उभा आहे, मुलाच्या हाती पैसे पाठव," आणि मुलगा आज्ञाधारक असेल, तर ते पैसे कोणाच्या हातात पडतील?

हा प्रश्न पोरकट वाटेल. पण याच प्रश्नावर मी छत्तीस वर्षे माझे आणि माझ्या कुटुंबाचे पोट भरले आहे.

माझ्या धंद्याला धड नाव नाही. पुण्यातल्या एका वकिलांच्या कचेरीत मी खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, भागीदारीपत्रे यांचे मसुदे टंकित करीत असे, मूळ प्रतीशी त्यांची रुजवात घालीत असे, आणि वकीलसाहेबांनी सही करण्यापूर्वी शेवटची नजर टाकीत असे. दस्तऐवज वाचण्याची सवय नसलेल्या माणसाला तो सरळ वाचता येतो असे वाटते. तसे मुळीच नसते. दस्त हा पानापानावर माघारी वळतो, पुढे उडी मारतो. "कलम चारमध्ये नमूद केल्याप्रमाणे", "कलम नऊमधील तरतुदींस अधीन राहून", "कलम अकरा पाहा" अशा वाटाड्यांच्या पाट्या त्यात जागोजाग लावलेल्या असतात. आमच्या कचेरीत या पाट्यांना 'हवाला' म्हणत. वर्तमानपत्रांतून गाजतो तो हवाला निराळा. आमचा अगदी कायदेशीर, मुद्रांकित कागदावरचा.

टंकलेखन यंत्राच्या काळात पक्षकार कचेरीच्या दारात हसतमुखाने उभा राहिला की आमच्या पोटात गोळा येई. "बँकेचं कर्ज फिटलं हो! तेवढं गहाणाचं कलम काढून टाका," असे तो पेढा पुढे करीत सांगे. पेढा गोड लागत नसे. एक कलम काढायचे म्हणजे पुढची वीस कलमे एकेक घर मागे सरकवायची. ते एक वेळ सोपे. पण त्या वीस कलमांना ज्यांनी ज्यांनी हवाला दिला असेल ती सगळी ठिकाणे हुडकून काढायची, हे काम म्हणजे लग्न मोडल्यावर वाटलेल्या पत्रिका परत गोळा करण्यासारखे. आमचे थोरले कारकून त्यासाठी दोघांना समोरासमोर बसवीत. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने हवाला आला की "थांब" म्हणायचे आणि ते कलम उघडून पाहायचे. तीस पानांच्या दस्तात एक अख्खी दुपार जाई, घसा बसे, आणि तरीही एखादा हवाला कोपऱ्यात दडून राहीच.

खुद्द कायदे करणाऱ्यांनी या छळातून सुटण्याची एक युक्ती काढलेली आहे, आणि ती मला नेहमीच मोठी शहाणपणाची वाटत आली. आकडे हलवायचेच नाहीत! आपले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले तेव्हा त्यात ३९५ अनुच्छेद होते. त्यांतला एकतिसावा मालमत्तेच्या हक्काचा. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो वगळला. आमच्या पक्षकाराची रीत लावली असती तर बत्तिसाव्याने एकतिसाव्याच्या खुर्चीवर बसायला हवे होते. तसे झाले नाही. एकतिसाव्याची जागा रिकामी ठेवली गेली, आणि बत्तिसावा आपल्या जागी राहिला. नव्याने काही घालायचे झाले तर दोन आकड्यांच्या मध्ये अक्षराचा पाट मांडतात. १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली ती ५१ च्या मांडीला मांडी लावून ५१-क म्हणून बसली. २००२ साली शिक्षणाचा हक्क आला तो २१-क झाला. २४३ या आकड्यापाशी तर पंगतच उठली आहे. आधी ग्रामपंचायती आल्या, मग नगरपालिका आल्या, मग सहकारी संस्था आल्या. इंग्रजी प्रतीत ए-बी-सी करता करता झेडपर्यंतची मुळाक्षरे संपली, तेव्हा झेडए, झेडबी असे करीत स्वारी झेडटीपर्यंत पोहोचली. दिसायला हे काही सुंदर नाही. जुन्या वाड्याला प्रत्येक पिढीने एकेक पडवी काढावी तसे ते दिसते. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या निकालपत्रात बत्तिसाव्या अनुच्छेदाचा हवाला असेल, तर तो आजही बत्तिसाव्याच्याच दारात नेऊन सोडतो.

मसुदा मसुदाच असतो तोवर मात्र ही शिस्त पाळायचे कारण नसते. डॉ. आंबेडकरांनी ज्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा म्हटले तो हाच बत्तिसावा. परंतु संविधानसभेच्या वृत्तान्तात, डिसेंबर १९४८ मधले ते भाषण काढून पाहाल तर तिथे चर्चा पंचविसाव्या अनुच्छेदाची चाललेली दिसेल. मसुद्यात तो पंचविसावा होता. पुढे कलमे वाढली, इकडची तिकडे झाली, आणि पंचविसावा बत्तिसावा झाला. वस्तू तीच, माणसे तीच, तळमळ तीच. जागा तेवढी बदलली. मसुद्याच्या काळातल्या आकड्याने जो अंतिम प्रतीत शोधायला जाईल त्याला पंचविसाव्या जागी भलतेच काही भेटेल. धर्मस्वातंत्र्य भेटेल, तेही मोलाचेच, पण आपण शोधीत होतो ते नव्हे.

आकडा एकदा घराबाहेर पडला की तो आपला राहत नाही, लोकांचा होतो. 'सातबारा' हा शब्द उच्चारताना शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याची जमीन उभी राहते. सात अधिक बारा एकोणीस असे काही उभे राहत नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, हे तलाठ्यांच्या दप्तरातले अनुक्रमांक. उद्या एखाद्या टापटिपीच्या अधिकाऱ्याने मधला एक निरुपयोगी नमुना काढून टाकून क्रमांक नीट लावायचे ठरवले, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्यात 'सहाअकरा' मागावा लागेल! 'चारसोवीस'चे तर तसे प्रत्यक्षात झालेच आहे. १८६० च्या दंडसंहितेतले फसवणुकीचे ४२० वे कलम इतके लोकांच्या जिभेवर रुळले की १९५५ साली राज कपूरने त्याचा चित्रपटच काढला. १ जुलै २०२४ पासून ती दंडसंहिता गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी कलमे ५११, नवी ३५८. फसवणूक आता ३१८ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात राहते आणि खून ३०२ मधून १०३ मध्ये राहायला गेला आहे. वकिलांनी, पोलिसांनी जुन्या-नव्या आकड्यांची कोष्टके टेबलाच्या काचेखाली सरकवली. पण बाजारात भाजीवाल्याने वजनात मारले तर "तू अगदी तीनशे अठरा पोटकलम चार आहेस" असे म्हणणारा ग्राहक मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि घरातले उदाहरण द्यायचे तर आमच्या मधल्या काकू. माझ्या वडिलांना दोन भाऊ. वडील सर्वांत धाकटे, म्हणून आई 'धाकट्या वहिनी', आणि तिच्यावर 'मधल्या' व 'थोरल्या'. थोरल्या काकू जाऊन आता वीस वर्षे झाली, माझी आई गेली त्यालाही दहा झाली. आज मधल्या काकूंच्या वरही कोणी नाही आणि खालीही कोणी नाही. त्या कोणाच्या मध्ये आहेत हे गणिताने सिद्ध करता येणार नाही. पण म्हणून त्यांना कोणी बढती देऊन थोरल्या केले नाही. वाड्यात जन्मलेल्या चाळीसेक पोरांच्या तोंडात त्या मधल्याच आहेत.

असो. १९९५ च्या सुमारास आमच्या कचेरीत संगणक आला, आणि त्याच्याबरोबर वर्ड आले. थोरले कारकून तोवर निवृत्त झाले होते हे बरेच झाले. नाही तर त्यांना एक तर चमत्कार वाटला असता किंवा अपमान. कलमाच्या आरंभी आकडा टंकित करायचाच नाही. "हे कलम आहे" एवढे यंत्राला सांगायचे, आकडा ते स्वतः घालते. मधले कलम काढा, खालची सगळी आपोआप वर सरकतात, रेशनच्या रांगेसारखी, आणि कुरकुर न करता. पोटकलमांच्या बाबतीत मात्र यंत्राचा आणि माझा बरीच वर्षे वाद चालला. आम्हां मराठी मसुदेकारांची पोटकलमे अ, ब, क, ड अशी चालतात. इंग्रजीच्या ए-बी-सी-डीला नऊवारी नेसवून आपण ती आपली म्हटली आहेत. यंत्राला हा संसार ठाऊक नव्हता. ते एक तर अ, आ, इ, ई म्हणे, नाही तर क, ख, ग, घ. व्याकरणाच्या दृष्टीने त्याचेच बरोबर होते, हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केले नाही.

परंतु खरी करामत आकड्यांत नव्हती, हवाल्यांत होती. "कलम अकरा पाहा" लिहिताना त्यातला 'अकरा' हातांनी न लिहिता यंत्राकडून घालवून घेता येतो. आपण यादीतून ते कलम दाखवायचे. यंत्र त्या कलमाला गुपचूप एक खूण बांधते आणि हवाल्याच्या जागी त्या खुणेचा पत्ता ठेवते. कागदावर 'अकरा' दिसतो, पण आत लिहिलेले असते ते "अमुक खूण जिथे असेल तिथला आकडा आणून इथे दाखव". सावंतवाडीहून येणाऱ्या पाहुण्याला "सातव्या डब्याजवळ थांब" न सांगता "निळ्या पगडीवाल्याजवळ थांब" असे सांगावे तसे. निळी पगडी कोणत्याही डब्यापुढे सरको, चुकामूक होत नाही.

या व्यवस्थेचे दोन स्वभावदोष मात्र जाणून असावे. पहिला असा की कलमांचे आकडे तत्काळ बदलतात, पण हवाले झोपलेले असतात. त्यांना उठवावे लागते. सगळा मजकूर निवडून एफ-नऊ नावाची कळ दाबली की ते डोळे चोळीत उठतात आणि आपापला आकडा ताजा करतात. (तळटिपांतले आणि पानाच्या माथ्यावरचे हवाले त्या हाकेनेही उठत नाहीत, त्यांच्या खोलीत जाऊन निराळे उठवावे लागते.) दुसरा दोष अधिक गंभीर. ज्याला खूण बांधली ते कलमच काढून टाकले तर काय? हवाला उठतो, खूण शोधतो, सापडत नाही, आणि मग ठळक इंग्रजीत ओरडतो, "एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड." छापील करारनाम्याच्या मध्यभागी ही आरोळी मी पाहिली आहे, आणि तिच्याखाली दोन्ही पक्षांच्या सह्याही पाहिल्या आहेत. माझी एक भाची गणित शिकवते. तिचे लेखन लेटेक्स नावाच्या निराळ्या व्यवस्थेत चालते. तिथे वस्तू सापडली नाही की आरडाओरडा नाही, हवाल्याच्या जागी नुसती दोन प्रश्नचिन्हे उमटतात. हे मला जास्त सुसंस्कृत वाटते.

तरी ओरडणारा हवाला पत्करला. तो निदान खरे बोलतो. भिण्यासारखा असतो तो गप्प बसणारा. न उठवलेला हवाला जुनाच आकडा दाखवीत राहतो. हातांनी टंकित केलेला तर जन्मभर दाखवतो. दिसायला सगळे टापटिपीत असते, आकडा असतो, त्या आकड्याचे कलमही असते. फक्त ते दुसरेच असते.

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण आमचा वाडा. तो विकसनाला द्यायचे ठरत होते त्याला आता दशक लोटले होते. अखेर चुलत-चुलत सर्वांचे एकमत झाले, आणि गेल्या वर्षी करारनाम्याचा मसुदा एका कचेरीतून आला. हल्ली अशा कचेऱ्यांत तयार साचे असतात. त्यात सगळी शक्य कलमे लिहून ठेवलेली असतात: भाडेकरूंचे, गहाणाचे, विहिरीचे, देवळाचे. ज्याच्या वाड्यात जे नाही ते कलम काढून टाकायचे आणि उरलेले त्याला द्यायचे. शिंप्याकडे तयार सदरे असतात आणि गिऱ्हाईक पाहून तो बाही आखूड करतो तसेच हे. यात वाईट काही नाही. आम्ही टंकलेखन यंत्रावर असतानाही जुन्या खताची नक्कल समोर ठेवूनच नवे खत करीत होतो.

पुतण्याने मसुदा माझ्याकडे आणून दिला. "काका, तुम्ही एकदा नजर टाका. म्हणजे टाकायची म्हणून," असे त्याने वर सांगितले. त्या "म्हणून" मध्ये माझ्या निवृत्तीची पंधरा वर्षे होती.

मी थोरल्या कारकुनांच्या पद्धतीने वाचायला घेतला. मोठ्याने वाचणारे दुसरे कोणी नसल्यामुळे दोन्ही भूमिका मीच केल्या. शेवटाकडे, वाड्याचा ताबा देण्याच्या कलमात, असे वाक्य होते की, "कलम ११ मधील व्यवस्था पूर्ण झाल्याखेरीज वाड्याचा ताबा विकसकास देण्यात येणार नाही." मी स्वतःला "थांब" म्हणालो आणि कलम अकरा उघडले. त्यात विंधणविहीर आणि पाण्याच्या टाक्या होत्या.

पाणी महत्त्वाचे असते, पुण्यात तर असतेच. पण टाकीसाठी कोणी ताबा अडवून धरीत नाही. मी एक पान मागे गेलो. कलम दहामध्ये मधल्या काकू होत्या. बांधकाम चालू असेतोवर त्यांना जवळच तळमजल्यावर राहण्याची जागा विकसकाने द्यायची, नंतर नव्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी तहहयात राहायचे, असे ते कलम. काकूंना ना मूल, ना वाड्यात त्यांच्या नावे हिस्सा. चोपन्न वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी शब्द दिला होता, तेवढाच काय तो त्यांचा आधार. तो शब्द पहिल्यांदाच कागदावर उतरत होता. काय घडले होते ते मग उघडच होते. साच्यात आठवे कलम भाडेकरूंचे होते. आमचा शेवटचा भाडेकरू २००९ साली गेला, म्हणून ते काढले. काकू अकरावरून दहावर आल्या, टाक्या बारावरून अकरावर आल्या, आणि ताब्याच्या कलमातला 'अकरा' जागच्या जागी उभा राहिला. त्या वाक्याचा अर्थ आता असा होता की बोअरला पाणी लागले की वाडा मोकळा करायचा. शहाऐंशी वर्षांच्या काकूंची सोय झाली असो वा नसो.

कुणी म्हणेल, न्यायालय काही इतके शब्दाला चिकटून बसत नाही, पक्षांचा हेतू काय होता ते पाहते. खरे आहे. पण त्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि काकू जिन्याच्या चौथ्या पायरीवर दम खायला थांबतात.

मी त्या कचेरीत गेलो. मसुदा करणाऱ्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलायला अगदी नम्र. "पण काका, आपले नंबर तर ऑटोमॅटिक आहेत," त्या म्हणाल्या.

"कलमांचे आहेत. हवाल्यांचे?"

त्यांनी पडद्यावर 'अकरा'वर टिचकी मारली. यंत्राने घातलेला हवाला असेल तर त्याच्यावर करडी सावली पडते. हा पांढराच राहिला. साचा तयार करताना कधी काळी कोणी तरी तो हातांनी टंकित केला होता. वकीलबाईंनी न सांगता दुसऱ्यावर टिचकी मारली, मग तिसऱ्यावर. सत्तावीस हवाल्यांपैकी एकोणीस पांढरे निघाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मला चहा मागवला, आणि आम्ही दोघे समोरासमोर बसलो: त्या मोठ्याने वाचीत होत्या आणि मी "थांब" म्हणत होतो. त्यांनी एकेक पांढरा काढून त्या जागी खूण बांधलेला हवाला घातला. त्यांचा हात चलाख होता. चहा यायच्या आत नऊ झाले.

मग प्रश्न निघाला तो काढून टाकायच्या कलमांचा. बाईंचे म्हणणे असे की आता सगळे खुणांनी बांधले आहे, तेव्हा कलमे खुशाल काढावीत आणि आकडे सरकू द्यावेत. साच्यापुरते ते बरोबर आहे. मात्र तिथे एक पथ्य पाळावे लागते. जे कलम ऐच्छिक आहे, त्याला हवाला देणारे वाक्यही तितकेच ऐच्छिक असायला हवे. भाडेकरूंचे कलम गेले, तर "कलम आठमधील भाडेकरूंना वगळून" हे पुढले शब्दही त्याच्याबरोबर जायला हवेत. यजमान गावाला गेले आणि पाहुण्यांच्या पत्रिकेवर त्यांचाच पत्ता राहिला असे व्हायला नको. यंत्राला "जर-तर"ची भाषा समजते. एकाच प्रश्नाच्या उत्तरावर, म्हणजे "भाडेकरू आहेत काय?" यावर, कलम आणि त्याचे हवाले दोन्ही टांगून ठेवता येतात. उत्तर "नाही" आले की दोन्ही एकदम मालवतात. बाईंनी ते वहीत टिपून घेतले आणि साचा तसा दुरुस्त करायचे ठरवले.

आमच्या वाड्याच्या मसुद्याला मात्र हा उपाय पुरणार नव्हता, कारण तो घराबाहेर पडला होता. साच्यातली सगळी कलमे असलेली पहिली प्रत दोन महिन्यांपूर्वीच सगळ्या भाऊबंदांना गेली होती. नागपूरच्या चुलतभावाने पत्र पाठवले होते, "कलम १४ मला मान्य नाही." एकाने कॅलिफोर्नियाहून "सतरावर चर्चा हवी" म्हणून कळवले होते. बँकेच्या अधिकाऱ्याने कलम सहाची प्रत मागितली होती. आणि खुद्द काकूंना पुतण्याने सांगून ठेवले होते की, "तुमचं अकरावं." त्यांनी ते देवाच्या कोनाड्यातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. कागदाच्या आतले हवाले यंत्र जागे करील. पण नागपूरच्या पत्रातला चौदा आणि कोनाड्यातला अकरा यांना कोणती कळ दाबून उठवायचे? त्यांच्यासाठी आकडाच जागेवर ठेवायला हवा. मी म्हटले, आठव्या जागी कलमाचा मजकूर काढा, पण जागा काढू नका. तिथे "वगळले" एवढा एक शब्द ठेवा, म्हणजे यंत्र त्याला आकडा देत राहील आणि खालचे कोणी हलणार नाही.

"बरं दिसेल का ते?" बाईंनी विचारले.

"संविधानाला चालतं," मी म्हणालो, आणि त्यांना हसू आले.

नोंदणीच्या दिवशी सगळे जमलो. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत फोटो, अंगठे, सह्या असे सगळे सोपस्कार असतात, आणि त्यात फार वेळ जातो. काकूंसाठी आम्ही घरची खुर्ची नेली होती. त्यांनी चष्मा पुसून घेतला, कोनाड्यातली चिठ्ठी कनवटीतून काढली आणि पाने उलटत अकराव्या कलमापाशी आल्या. ओठ हलवीत त्यांनी ते दोनदा वाचले. तळमजला, दोन खोल्या, तहहयात. मग ताब्याचे कलम मी काढून दाखवले, तेही वाचले. मान हलवली आणि सही केली, जुन्या वळणाची, शेवटी दोन टिंबे देऊन.

पाने परत लावताना त्यांचे बोट आठव्यावर थांबले.

"हे काय रे? नुसतं 'वगळले'?"

"भाडेकरूंचं कलम होतं ते, काकू. आता कोणी नाहीत ना."

"मग 'वगळले' कशाला म्हणायचं?" चष्मा घडीत ठेवीत काकू म्हणाल्या. "आपण कुठे वगळलं त्यांना? आपणहून गेले. सात महिन्यांचं भाडं थकवून गेले, ते लिहा."